वॉरगॅम्बाची भिंत, नेपियनचा गाळ आणि एक पांढरं झाड : पश्चिम सिडनीतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

पश्चिम आणि नैऋत्य सिडनीत, नेपियन-हॉक्सबरीच्या खोऱ्यात घर केलेल्या सर्व मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

नदीला पाणी चढलं की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मागणी हमखास डोकं वर काढते : पूर अडवायला वॉरगॅम्बा धरणाची भिंत उंच करा. कुणीतरी अर्जाची लिंक टाकतं, त्याखाली पटापट अंगठे उमटतात, आणि विषय दिवाळीच्या कार्यक्रमाकडे वळतो. अंगठे उमटवणारे बरेचजण माझ्या ओळखीचे आहेत. त्यांची भीती खोटी नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. तरीही पुढच्या वेळी सही करण्याआधी हे पत्र वाचावं, अशी विनंती आहे. पत्र एका झाडाबद्दल आहे. ते आपल्यापैकी अनेकांच्या घरापासून गाडीने फार लांब नाही, आणि या खोऱ्याबाहेर जगात कुठेही ते आपण होऊन उगवत नाही.

त्याचं इथलं नाव कॅम्डन व्हाइट गम. शास्त्रीय नाव युकॅलिप्टस बेन्थॅमाय. म्हणजे निलगिरीच, पण आपल्या ओळखीची नव्हे.

आपल्या मनात निलगिरीबद्दल काय आहे ते मला ठाऊक आहे, कारण तेच माझ्याही मनात होतं. एक तर सर्दी झाली की रुमालावर टाकायचं तेल. नाहीतर सामाजिक वनीकरणाच्या काळात माळावर आणि बांधावर सरसकट लावलेली, खाली गवताची काडी उगवू न देणारी ती सरळसोट झाडं. ‘विहिरीचं पाणी निलगिरीने ओढलं’ ही तक्रार ऐकतच आमची पिढी मोठी झाली. इथे आल्यावर चहूकडे गम ट्री बघून आपण मनातल्या मनात म्हणतो, ही तर निलगिरी, हिचं काय एवढं कौतुक!

पण भारतात गावोगावी पोचलेली ती ‘म्हैसूर गम’ मुख्यतः युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस या जातीची. टिपू सुलतानाच्या काळात नंदी टेकडीवर लावलेल्या बियांपासून तिचा प्रसार झाला असं सांगतात. ती मूळची ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडची, आणि ओरान पार्क, ग्रेगरी हिल्स, हॅरिंग्टन पार्क ही आपली नवी उपनगरं ज्या कंबरलँड मैदानावर उभी राहिली त्या मैदानाची ती मूळ रहिवासी. इथे तिला फॉरेस्ट रेड गम म्हणतात. आपल्या बांधावर बदनाम झालेलं झाड इथे स्वतःच्या घरी उभं आहे. त्याच्याखाली गवत आहे, बर्सेरियाची काटेरी झुडपं आहेत, ढोलीत पोपट आहेत. दोष झाडाचा नव्हता, ते कुठे आणि किती दाटीने लावलं याचा होता. आणि ज्या कंबरलँड रानाची ती प्रमुख झाडं, त्या रानाचा दहा टक्क्यांहूनही कमी भाग आता उरलाय. बाकीच्यावर शेती झाली, मग आपली घरं. ‘आपली’ मुद्दाम म्हणतो, माझंही त्यातच आहे.

युकॅलिप्टसच्या सातशेहून अधिक जाती आहेत. त्या सगळ्यांना निलगिरी म्हणून एकाच पोत्यात भरण्याची आपली सवय इथे राहून तरी सुटायला हवी.

तर कॅम्डन व्हाइट गम. उंची चाळीस मीटरपर्यंत. बुंध्याशी काही उंचीपर्यंत खरखरीत, करडी साल, आणि त्यावर एकदम गुळगुळीत पांढरं खोड. जुनी साल लांब पट्ट्यांनी सुटते आणि फांद्यांच्या बेचक्यांत लोंबत राहते. मोठ्या झाडाची पानं इतर गमसारखीच लांबट, कोयत्याच्या आकाराची. ओळख पटते ती कोवळ्या रोपांवरून. त्यांची पानं रुंद असतात, देठाविना जोडीजोडीने येतात आणि त्यांच्यावर निळसर राखाडी झाक असते. कळ्या सात-सातच्या झुबक्यात, फळं जेमतेम चार मिलिमीटरची. नदीकाठी याच्यासारखाच दिसणारा रिबन गमही असतो, पण त्याच्या कळ्या बहुधा तीन-तीनच्या आणि कोवळी पानं अरुंद, हिरवी. हा फरक एकदा नजरेत बसला की मग चुकत नाही.

आपल्यातल्या बी.एस्सी. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी परीक्षेला ‘बेन्थॅम आणि हूकर’ घोकले असतील. त्यातल्याच जॉर्ज बेन्थॅमचं नाव या झाडाला आहे. या गृहस्थाने ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतींवर सात खंड लिहिले आणि ऑस्ट्रेलियात कधी पाऊलही ठेवलं नाही, सगळं काम वाळवलेल्या नमुन्यांवरून. १९१५ साली जोसेफ मेडन आणि रिचर्ड केंबेज या दोघांनी या झाडाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव बेन्थॅमचं दिलं.

आता मुद्द्याचं. हे झाड येतं कुठे? नेपियन आणि तिला मिळणाऱ्या नद्या-ओढ्यांच्या काठी, पुराने आणून टाकलेल्या खोल, वाळूमिश्रित पोयट्यात. टेकडीवर नाही, मुरमात नाही, चिकणमातीच्या मैदानावर नाही. नदीच्या दोन्ही अंगांना ज्या पायरीसारख्या सपाट मळ्या असतात, तिथे. म्हणजे नेमकी ती जमीन, जी माणसाला सगळ्यात आधी हवी असते.

आणि ते उगवतं कसं, हे तर नीट समजून घेण्यासारखं आहे. बी अगदी बारीक, त्यात साठवलेलं अन्न जवळजवळ नाहीच. दाट गवतात किंवा पालापाचोळ्यावर पडलं तर फुकट गेलं. त्याला उघडी, ओली, ताजी माती लागते आणि भरपूर ऊन. अशी माती देतो कोण, तर पूर. मोठा पूर येतो, काठावरचं गवत-झुडूप उपटून नेतो आणि उतरताना वाळू-गाळाचा कोरा थर टाकून जातो. त्या थरावर आसपासच्या झाडांवरून बी पडलं की एकदम रोपांची दाटी उगवते. उजनीच्या धरणात पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत शेतकरी गाळपेर करतात ना, तशी ही नदीची गाळपेर. मग कित्येक वर्षं काही नाही. पुन्हा पूर, पुन्हा एक नवी पिढी.

म्हणजे पुराशिवाय या झाडाला पोरंबाळं नाहीत. पण कसलाही पूर चालतो असंही नाही. नदीचा पूर येतो आणि एक-दोन दिवसांत ओसरतो, पाणी वाहतं राहतं. मोठं झाड ते सहज सोसतं. पाणी साचून राहिलं, दिवसच्या दिवस मुळं बुडून राहिली, की रोपं गुदमरून मरतात, आणि फार काळ साचलं तर मोठी झाडंही जातात. वाहत्या पुरावर वाढणारं झाड तुंबलेल्या पाण्यात मरतं. वॉरगॅम्बाच्या भिंतीचा सगळा वाद, या झाडापुरता तरी, या एका फरकावर येऊन थांबतो.

थोडं मागे जाऊ. कॅम्डनच्या आसपासचा हा मुलूख धरावाल या इथल्या मूळ आदिवासी लोकांचा. १७८८ मध्ये इंग्रजांच्या पहिल्या ताफ्याबरोबर आलेली काही गुरं सिडनीतून पळाली आणि १७९५ मध्ये त्यांचा वाढलेला कळप नेपियनपलीकडे चरताना सापडला. गुरांनी जमीन बरोबर निवडली होती. पुढे १८०५ पासून मॅकार्थर घराण्याला आणि इतरांना इथे जमिनी मिळाल्या, मेंढ्या आल्या, गहू आला, दूधदुभतं आलं. नदीकाठचा पोयटा सगळ्यात सुपीक, त्यामुळे त्याच्यावरची झाडं सगळ्यात आधी तुटली. पुढे तिथेच वाळूचे उपसेही झाले. आज कॅम्डन, कॉबिटी या भागात व्हाइट गम उरलाय तो कुठे कुंपणाशी एक, कुठे गोल्फच्या हिरवळीच्या कडेला दोन, असा. जंगल म्हणावं असं तिथे काही नाही.

त्यात नेपियनच्या वरच्या अंगाला चार धरणं झाली. कॅटरॅक्ट १९०७ मध्ये, कॉर्डो १९२६ मध्ये, एव्हन १९२७ मध्ये आणि नेपियन १९३५ मध्ये. सिडनीची तहान भागली ती त्यांच्यामुळे, ते नाकारायचं कारण नाही. पण छोटे-मध्यम पूर त्यांनी अडवले आणि खाली येणारा गाळही. नदी आपल्या काठावर पूर्वीसारखी येईनाशी झाली.

आणि मग वॉरगॅम्बा. १९४८ ला काम सुरू, १९६० ला पुरं. १४२ मीटर उंच काँक्रीटची भिंत, मागे बरागोरांग सरोवर, सिडनीच्या पिण्याच्या पाण्याचा सगळ्यात मोठा साठा. ज्या दरीत हे पाणी साठलं ती बरागोरांग दरी गुंडुंगुरा या आदिवासी लोकांची. तिथे नंतर शेतं होती, वस्त्या होत्या, सहलीला येणाऱ्यांसाठी गेस्टहाउसं होती. सगळं उठवलं गेलं. ‘बुडीत क्षेत्र’ म्हणजे काय हे कोयनाकाठच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. त्या दरीच्या तळाशी नदीकाठच्या मळ्यांवर कॅम्डन व्हाइट गमचीही वस्ती होती. ती पाण्याखाली गेली. त्याची गणना तेव्हा कुणी केली नाही, आणि त्या काळात कुणाला ती करावीशी वाटली असेल असंही नाही.

उरलं काय? एक, बेंट्स बेसिन. वॉलेशियाच्या दक्षिणेला, नेपियन नदी खडकांच्या घळीतून बाहेर पडून एका खोल डोहात शिरते ती जागा. आपण उन्हाळ्यात तिथे पोहायला आणि बार्बेक्यू करायला जातो. डोहाजवळच्या सपाटीवर ज्या झाडांच्या सावलीत आपण चटया टाकतो त्यांत ही झाडं आहेत. जुन्या गणनेप्रमाणे तिथे तीनशेच्या आसपास. दोन, केडुम्बाची दरी, सुमारे साडेसहा हजार. बाकी इकडेतिकडे विखुरलेली एकांडी झाडं. एवढाच या जातीचा जगातला नैसर्गिक संसार. म्हणून राज्य सरकार आणि केंद्र सरकार दोघांच्याही धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत हे नाव आहे.

केडुम्बा ऐकून कुणाला काही आठवलं नसेल. पण तुम्ही ती दरी पाहिली आहे. भारतातून आई-बाबा आले की आपण त्यांना न चुकता कटूम्बाला नेतो, एको पॉइंटवर थ्री सिस्टर्ससमोर उभं करून फोटो काढतो. समोर जी निळसर दरी पसरलेली असते आणि मध्ये तो लांबोडका एकटा डोंगर, माउंट सॉलिटरी, तिथलं पाणी केडुम्बा नदीतूनच खाली जातं, आणि पुढे कॉक्स नदीबरोबर बरागोरांगच्या जलाशयात शिरतं. जलाशयाच्या तोंडाशी, केडुम्बाच्या खालच्या अंगाला, वाळूच्या मळ्यांवर व्हाइट गमचं सगळ्यात मोठं रान आहे. हा भाग राष्ट्रीय उद्यानात येतो, आणि ग्रेटर ब्लू माउंटन्सला २००० साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो मुख्यतः युकॅलिप्टसच्या विविधतेसाठी. नव्वदहून अधिक जाती एका प्रदेशात. गमतीचा भाग असा की थ्री सिस्टर्सचा फोटो प्रत्येकाकडे आहे आणि ज्यासाठी तो दर्जा मिळाला ती झाडं फोटोत धूसर हिरवी पार्श्वभूमी म्हणून राहतात.

२०१६ मध्ये राज्य सरकारने प्रस्ताव मांडला : धरणाची भिंत सुमारे १४ मीटरने वाढवायची, पण पाणी साठवण्यासाठी नव्हे. वरची जागा रिकामी ठेवायची, मोठा पूर आला की तो तिथे अडवायचा आणि हळूहळू सोडायचा. २०१८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाची जमीन तात्पुरती बुडवता यावी म्हणून कायदाही बदलला. २०२१ मध्ये पर्यावरण परिणामांचा अहवाल लोकांसमोर आला. ‘तात्पुरती’ हा शब्द सरकारी कागदावर निरुपद्रवी दिसतो. केडुम्बाच्या मळीवर त्याचा अर्थ असा की वाहून जायचं पाणी अनेक दिवस तुंबून राहणार, आणि उतरताना अंगावर चिखल व तणांचं बी सोडून जाणार. शिवाय गुंडुंगुरा लोकांच्या उरल्यासुरल्या पवित्र जागा पुन्हा पाण्याखाली. एका पिढीत एकदा बुडालेल्यांना दुसऱ्यांदा बुडवायचं.

माझं गाव सांगली. अलमट्टीच्या फुगवट्यावर आमच्याकडे चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत वाद चालतो. कर्नाटकाने धरणाची उंची ५१९ मीटरवरून ५२४ मीटरवर नेऊ नये म्हणून सांगली-कोल्हापूरचे लोक मोर्चे काढतात. फुगवट्याचं पाणी खरंच किती मागे येतं यावर तज्ज्ञांची मतं वेगळी आहेत, तो वाद मी इथे सोडवत नाही. पण धरणाच्या मागच्या बाजूला राहणाऱ्याला काय वाटतं ते आपल्याला कळतं. मग इथे आपण पुढच्या बाजूला राहतो म्हणून मागच्या बाजूचं सगळं विसरायचं, हे मला पटत नाही. मागच्या बाजूला माणसं थोडी आहेत, झाडांना मत नाही, एवढाच फरक.

आता तुमची भीती. हॉक्सबरी-नेपियनचं खोरं हे देशातल्या सगळ्यात धोक्याच्या पूरक्षेत्रांपैकी एक आहे. पाणी येणारे रस्ते अनेक, आणि खाली अरुंद घळीतून बाहेर पडायला वाट एकच, त्यामुळे मधल्या सपाटीवर ते चढत जातं. १८६७ च्या पुरात विंडसरला पाणी १९ मीटरच्या वर गेलं. एकाच ईथर घराण्यातली बारा माणसं, बहुतेक बायका-मुलं, त्या रात्री गेली. २०२१ च्या मार्चपासून २०२२ च्या जुलैपर्यंत लागोपाठ पूर आले आणि जुलैमध्ये विंडसरला जवळजवळ १४ मीटर पाणी होतं, १९७८ नंतरचं सगळ्यात जास्त. आपली काही कुटुंबं त्या वेळी मुलं आणि पासपोर्ट घेऊन मित्रांकडे राहिली. त्यांना कुणी झाडांचं प्रवचन देऊ नये, मीही देत नाही.

पण मग खरं काय ते तपासून घ्या. कॅम्डन, एल्डरस्ली, कॉबिटीला पूर येतो तो नेपियनचा. वॉरगॅम्बाचं पाणी नेपियनला मिळतं ते कॅम्डनच्या बरंच खाली. म्हणजे कॅम्डनला राहून भिंत उंच करायच्या अर्जावर सही केली तर आपल्या अंगणातलं इंचभरही पाणी कमी होत नाही. आपल्या ग्रुपवर सगळ्यात जोरात बोलणारे दोघे कॅम्डनचेच आहेत, म्हणून हे जरा ठळक लिहितो. पेनरिथ, विंडसर, रिचमंडला भिंतीचा उपयोग झाला असता, हे खरं. पण तिथेही नेपियनचा वरचा भाग, ग्रोस नदी, साउथ क्रीक यांचं पाणी धरणाला वळसा घालून येतंच. आणि भिंत उंच झाली की ‘आता सुरक्षित आहे’ म्हणून पूरक्षेत्रात आणखी हजारो घरं बांधली जातात, हा अनुभव जगभरचा आहे. पुराची निळी रेषा, लाल रेषा कागदावर कशी सरकते ते सांगलीकराला विचारा.

२०२३ मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने भिंतीचा प्रस्ताव गुंडाळला. पूरक्षेत्रातल्या काही नव्या वसाहतींवरही फुली मारली. मला तो निर्णय योग्य वाटतो. पण असे प्रस्ताव मरत नाहीत, कपाटात जातात. पुढचा मोठा पूर आला की ते बाहेर येतील आणि त्या वेळी सह्या आपल्याच मागितल्या जातील, कारण या खोऱ्यात सगळ्यात वेगाने वाढणारी वस्ती आपल्यासारख्या नव्याने आलेल्यांची आहे.

एक युक्तिवाद मला एका हुशार मित्राने ऐकवला. तो म्हणाला, अरे, हे झाड दक्षिण ब्राझीलमध्ये, उरुग्वेत, चीनमध्ये, अमेरिकेच्या दक्षिण राज्यांत लागवडीला घेतात, मग दुर्मीळ कसलं? त्याची माहिती बरोबर आहे. हे झाड इतर भरभर वाढणाऱ्या निलगिरींपेक्षा थंडी-दहिवर जास्त सोसतं, म्हणून कागदाच्या लगद्यासाठी आणि जळणासाठी त्याची मोठी लागवड होते. तिकडे ओळीने लावलेली झाडं इथल्या सगळ्या रानातल्या झाडांपेक्षा कितीतरी जास्त भरतील.

मग जात वाचली म्हणायची का? लागवडीतली झाडं काही वर्षांत तोडायची असतात. त्यांचं बी निवडक झाडांचं, लाकडासाठी पारखलेलं. त्यांच्याखाली केडुम्बातलं गवत नाही, ढोल्या व्हायला लागणारं शंभर-दोनशे वर्षांचं म्हातारपण नाही, मधाला येणारे इथले पक्षी नाहीत. (बरागोरांगच्या परिसरात रीजंट हनीईटर हा अत्यंत दुर्मीळ पक्षी वीण करतो, तो काही उरुग्वेला जाणार नाही.) उद्या एखादी नवी बुरशी आली तर प्रतिकाराची जनुकं शोधायला लागवडवाले परत इथेच, नेपियनच्या गाळात येतील. तेव्हा इथे काही शिल्लक असावं लागेल.

आणि इथे जे शिल्लक आहे त्याची तब्येतही नीट नाही. जनुकीय अभ्यासात असं दिसलं की एकट्या पडलेल्या झाडांच्या बियांमध्ये स्वतःशीच परागण झालेल्या आणि शेजारच्या दुसऱ्या जातींशी संकर झालेल्या बियांचं प्रमाण वाढतं. जवळ स्वजातीचं कुणी नाही, मग मधमाशी जे आणेल ते. कॅम्डनच्या कुंपणाशी उभं असलेलं ते म्हातारं झाड दर वर्षी फुलतं, फळतं, बी टाकतं, पण त्या बियांतून येणारी रोपं कमजोर किंवा अर्धवट परकी. त्यात २०१९-२० च्या वणव्यांनी ब्लू माउंटन्सचा मोठा भाग जाळला, केडुम्बालाही झळ बसली, आणि जळालेल्यांतून फुटवे येतायत तोवर पुरांची रांग लागली.

म्हणून मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती कोऱ्या नदीकाठाची. पूर आला, गाळ पडला, तरी त्यावर आधी कोण उगवतं? बाहेरून आलेली तणं : आफ्रिकन ऑलिव्ह, प्रिव्हेट, मडीरा वेल, बलून व्हाइन, आणि आपली जुनी ओळखीची घाणेरी. सह्याद्रीत घाणेरीने काय केलं ते आपण पाहिलंय, इथेही तेच. आफ्रिकन ऑलिव्ह तर कॅम्डनच्याच जुन्या बागांतून सुटून सगळ्या मैदानावर पसरलेला. व्हाइट गमच्या बारीक रोपाला ऊन मिळायच्या आधीच वर छत तयार होतं. पाणी योग्य, माती योग्य, बी योग्य, आणि तरी रोप नाही.

तर माझं मागणं काय, ते लिहितो.

भिंतीचा विषय पुन्हा निघाला तर आपलं घर नेमकं कोणत्या नदीच्या पुरात येतं हे आधी बघा. कौन्सिलच्या पूरनकाशावर ते दिसतं. सही करायचीच तर पूर येताना बाहेर पडायच्या रस्त्यांसाठी करा, पूल उंच करण्यासाठी करा, पूरक्षेत्रात नवी घरं न बांधण्यासाठी करा. यातल्या प्रत्येक गोष्टीने माणसं वाचतात आणि केडुम्बा बुडत नाही. मराठी मंडळाच्या नावाने एखादं निवेदन जाणार असेल तर त्यात ‘भिंत उंच करा’ हे वाक्य घालण्याआधी सभासदांत मतदान घ्या. पाच जणांच्या समितीने सगळ्यांच्या वतीने लिहून पाठवू नये.

नदीकाठच्या पट्ट्यात ‘जरा साफसफाई’ करून लॉन लावा, साप येतात, फांद्या पडतात, असे अर्ज कौन्सिलकडे जातात, त्यांत आपली नावं असतात. फांद्या पडतात हे खरं आहे आणि खेळाच्या मैदानावरचं धोक्याचं झाड तोडावंच लागतं. पण नदीच्या मळीवर लॉन झालं की तिथे व्हाइट गमचं रोप कधीच येणार नाही, हे अर्ज लिहिताना लक्षात असू द्या.

हौसेने बी गोळा करून रोपं लावायला जाऊ नका. धोक्यातल्या जातीचं बी परवान्याशिवाय उचलणं कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी कुंपणावरच्या एकट्या झाडाचं बी संकरित निघण्याचा संभव मोठा. नर्सरीतून ‘व्हाइट गम’ म्हणून आणलेलं रोप कुठल्या बियाचं आहे हे विचारल्याशिवाय नदीकाठी लावू नका, घरामागे खुशाल लावा (चाळीस मीटरचं झाड मावत असेल तर). हे काम माउंट अॅननच्या वनस्पती उद्यानातल्या लोकांचं आहे. तिथे ऑस्ट्रेलियन प्लँटबँक म्हणून देशी बियांची पेढी आहे, ती आतून बघताही येते. मुलांना थीम पार्कला नेतो त्यातला एक रविवार तिकडे दिला तरी चालेल.

हात मातीत घालायचेच असतील तर कौन्सिलांचे बुशकेअर गट आहेत. ऑलिव्ह कापणं, मडीरा वेलीचे कंद खणून काढणं, घाणेरी उपटणं हे कंटाळवाणं आणि कमरेला जाणवणारं काम आहे, त्यात फोटो चांगले येत नाहीत. पण पुढचा पूर यायच्या आधी काठ मोकळा असेल तरच त्या गाळात काही उगवेल. आपल्यातले जे शेतकऱ्यांच्या घरातून आले आहेत त्यांना हे काम शिकवावं लागणार नाही. दहा मराठी माणसं एका गटात गेली तर तिथल्या निवृत्त ऑस्ट्रेलियन आजी-आजोबांचा भार निम्मा होईल, आणि चहाला थेपले-चिवडा मिळाल्यावर ते आपल्याला सोडणारही नाहीत.

बेंट्स बेसिनला पुढच्या वेळी जाल तेव्हा खोडाला खिळे ठोकून बॅनर बांधू नका, मुळांवर गाड्या लावू नका आणि कोळसे बुंध्याशी ओतू नका. गेल्या उन्हाळ्यात तीनही गोष्टी आपल्याच सहलीत पाहिल्या, कुणाच्या ते लिहीत नाही.

या पत्रावर मतभेद असतील तर जरूर कळवा. विंडसर-रिचमंडकडच्या मंडळींनी तर नक्कीच, कारण भिंतीचा प्रश्न माझ्यापेक्षा तुमच्या दारात जास्त आहे, आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय मंडळाने काही ठरवू नये असंच माझं मत आहे. येत्या सभेत हा विषय घ्यावा, अशी समितीला विनंती करतो.

आपला,
कॅम्डनला राहणारा एक सांगलीकर